उशिरा आलेलं आमेन

उंची मध्यम, बुद्धी उत्तुंग. नजर अशी, की समोरच्याच्या बुटांकडे पाहून त्याचं सकाळी बायकोशी वाजलं की नाही ते सांगावं. "अशी माणसं शतकात एखादीच जन्माला येतात," असं घड्याळजी स्वतःविषयी म्हणत, आणि मग आपल्यावर आत्मप्रौढीचा आळ नको म्हणून "फार तर दोन" अशी पुस्ती जोडत. दुसरा कोण, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा तो अजून जन्मायचा होता.

पोटापाण्यासाठी ते घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला लावायचं काळं भिंग दिवसभर त्यांच्या कपाळावर चढवलेलं असे. एवढं भिंग हाताशी असताना माणसाने नुसती चाकं आणि स्प्रिंगा बघत बसणं हा बुद्धीचा अपमान आहे, या विचाराने त्यांनी रहस्यं उकलण्याचा जोडधंदा काढला होता. चर्चच्या पाळकसाहेबांची छत्री हरवली तेव्हा त्यांनी आठवडाभर तपास करून ती एका टोळीने परदेशी पाठवल्याचं सिद्ध केलं. त्याच संध्याकाळी ती पाळकसाहेबांच्याच हाताला अडकवलेली सापडली. घड्याळजींच्या मते टोळी घाबरून माल परत करून गेली होती.

या सगळ्यात त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा साडू. त्याचं शिलाईचं दुकान घड्याळजींच्या दुकानाला लागूनच होतं. मित्र पारखून घेता येतो, साडू बायकोबरोबर येतो, आणि या बिचाऱ्याला तर घड्याळजी असे बायकोबरोबर आले होते. तो शांत माणूस होता. तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे त्याला गप्प बसणं जमत असे.

प्रकरण सुरू झालं ते एका रविवारी चर्चमध्ये, सकाळच्या उपासनेत. गीतं सुरू करण्याचं काम बाईंकडे होतं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. निम्म्या मंडळींनी पाढे त्यांच्याच हाताखाली घोकले होते आणि अजूनही त्यांनी वळून पाहिलं की पन्नाशीची माणसं ताठ बसत. यजमान गेल्यापासून बाईंचा आठवडा रविवारी सुरू होऊन रविवारीच संपत असे. ऑर्गनशेजारी उभं राहून त्यांनी एक बोट वर केलं की सगळी मंडळी उठे आणि गाऊ लागे.

त्या दिवशी गीत संपलं, पुस्तकं मिटली, पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मंडळींनी माना खाली घातल्या. आणि त्या शांततेत वेदीच्या मागून, कुठूनतरी वरून, शेवटचं कडवं पुन्हा सुरू झालं. एकच आवाज होता. खालच्या पट्टीतला, भरदार, आणि असा घुमून येणारा की बाईचा की बाप्याचा तेही कळेना. सूर मात्र पक्का. कडवं पुरं करून, शेवटची ओळ नीट लांबवून तो थांबला, तोवर आपण देवाकडे काय मागणार होतो ते पाळकसाहेब विसरून गेले होते.

पुढच्या रविवारी तर कहर झाला. मंडळी दुसऱ्या कडव्यावर जावी तर तो आवाज अजून पहिल्यातच. मागचे बाक त्याच्या नादाने मागे रेंगाळले, पुढचे बाईंच्या बोटाबरोबर पुढे गेले, आणि गीताची पार दोरीखेच झाली. बाईंनी बोट आणखी उंच धरलं. नंतर पाळकसाहेबांनी मागच्या गल्लीतलं गटार तुंबल्याचं जाहीर केलं, तर वरून प्रसन्नपणे "आमेन!" आलं. पोरंटोरं फिदीफिदी हसली.

पण खरा घाव त्यानंतर बसला. आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली आणि पाळकसाहेब जड आवाजात म्हणाले, "बाईंचं म्हणणं आहे, की त्यांचं आता वय झालं. ताल आपलाच चुकतो की काय, असं त्यांना वाटतं. गीतांचं काम दुसऱ्या कुणी घ्यावं, असं त्या…"

"आऽऽमेन!" वरून आवाज आला. अगदी मनापासून.

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गीतांचं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या. उपासना संपल्यावर त्या पाळकसाहेबांना एवढंच म्हणाल्या, "पुढचा रविवार शेवटचा. मग मी मागच्या बाकावर बसेन."

"बसू देणार नाही!" घड्याळजी मधेच म्हणाले. त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. "पुढच्या रविवारच्या आत तो आवाज मुद्देमालासकट तुमच्यासमोर हजर करतो."

"आवाजाचा मुद्देमाल कसा काय असतो, दादा?" साडूने विचारलं.

"ते तुला पकडल्यावर कळेल."

तपास सोमवारीच सुरू झाला. रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून घड्याळजींनी प्रतिध्वनीचा सिद्धांत मांडला. गीत भिंतीवर आपटतं, दमतं आणि सावकाश परत येतं, असं काहीसं ते शास्त्र होतं. परीक्षा म्हणून ते छाती फुगवून ओरडले, "कोण आहे तिकडे?"

"मी," दारातून साडू म्हणाला.

"तू नाही! भिंतीला विचारतोय मी."

भिंतीने काही उत्तर दिलं नाही. सिद्धांत बारगळला. मग त्यांनी वेदीमागची लाकडी भिंत, तिच्यावरचा साधा क्रूस, छताला टेकलेली जाळीची झडप, ऑर्गनची पोटाची बाजू, सगळं भिंगातून पाहिलं. बाकांच्या मधल्या वाटेत पाळकसाहेबांची मुलगी एका तिपाईला फोन बसवत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरबसल्या उपासना बघता यावी, म्हणून तिने ती हल्लीच फोनवरून दाखवायला घेतली होती.

"हे यंत्र कधीपासून लावतेस?" घड्याळजींनी करड्या आवाजात विचारलं.

"तो आवाज पहिल्यांदा आला ना काका, त्याच रविवारपासून."

घड्याळजींनी साडूकडे वळून मान हलवली. "म्हणजे याचा काही संबंध नाही. मुरलेला गुन्हेगार इतका ढोबळ पुरावा मागे ठेवत नाही."

दुसरा सिद्धांत पोपटाचा. शेजारच्या रस्त्यावरच्या चर्चला आपल्या गायनाचा हेवा वाटतो, त्यांनी एक पोपट पढवून आपल्या छतावर सोडला आहे, पण पोपट जातीने मंद असल्यामुळे तो मागे पडतो. साडूने तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, की पढवलेला पोपट प्रत्येक रविवारी नेमकी त्या दिवशीचीच गीतं कशी म्हणतो. घड्याळजी म्हणाले, "तीच तर त्यांची चलाखी!" आणि पोपटाला भुलवायला त्यांनी वेदीच्या मागे मूठमूठ शेंगदाणे पसरून ठेवले.

तिसरा संशय दातांच्या डॉक्टरांवर गेला. ते शेवटच्या बाकावर बसत.

"गीत संपल्यावरही आपलं तोंड हलत होतं," घड्याळजी त्यांच्या दवाखान्यात जाऊन म्हणाले.

"गोळी चघळत होतो. घशाची."

"म्हणजे घसा बसला होता. का बसला? जादा गायल्यामुळे! कबूल करा, सुटाल."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि तपास पुढे नेण्याची सोयच ठेवली नाही. घड्याळजी एक दात कमी घेऊन बाहेर पडले. "दबावतंत्र," ते गालाला बोळा दाबून साडूला म्हणाले. "म्हणजे आपण योग्य मार्गावर आहोत."

"तुमचा तो दात गेलं वर्षभर दुखत होता, दादा."

"तपासाचा तपशील बाहेर बोलायचा नाही!"

घरीही ते बोलत नसत. घरच्या माणसांना प्रकरणात ओढायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. त्यांची बायको चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात दर रविवारी उपासनेनंतरचा चहा करत असे. कधी काळी एकदा ती "आज मी करते" म्हणाली होती आणि मंडळींनी तो आज अजून संपू दिला नव्हता. रात्री ताट वाढताना तिने विचारलं, "अहो, बाई खरंच सोडणार का हो? मला फार वाईट वाटतंय. कसला एवढा आवाज येतो? सगळ्यांनी ऐकलाय, मला तर एकदाही ऐकू आला नाही."

"तू आत भांड्यांच्या खडखडाटात. तुला काय ऐकू येणार! अशा साक्षीला काडीची किंमत नसते," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी भाताचा घास दुसऱ्या गालात सरकवला.

शनिवार उजाडला तरी हाती काही नव्हतं, आणि तेव्हा त्यांना शेवटचा, सगळ्यात भक्कम सिद्धांत सुचला. आवाज मागे नाहीच. गीतच पुढे जातंय! दुरुस्तीला आलेलं निम्मं काम पुढे जाणाऱ्या घड्याळांचंच तर असतं. ते तडक बाईंच्या घरी गेले, हातात मोजणीचं घड्याळ धरून त्यांना एक कडवं म्हणायला लावलं आणि भिंग कपाळावर चढवत म्हणाले, "सापडलं! बाई, दोष तुमच्यात आहे. तुमची स्प्रिंग जरा ताठ झालीय. वयाने होतं असं. आवाजवाला बिचारा बरोबर गातोय, तुम्हीच पुढे पळताय."

बाईंनी उठून साडूला पाणी दिलं, घड्याळजींना पाणी दिलं, आणि मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत."

जिना उतरताना साडू पहिल्यांदाच चिडला. "दादा, रडत होत्या त्या."

"सत्य कडू असतं," घड्याळजी म्हणाले. पण खालच्या पायरीवर ते थोडे थांबले. आपण काहीतरी जोडायला गेलो आणि हातातच मोडलं, असं त्यांना दुकानात क्वचित वाटे, तसं आत्ता वाटत होतं. ते त्यांना आवडलं नाही. म्हणून त्यांनी ठरवलं, की सिद्धांत खरा असला तरी उद्या तो आवाज पकडायचाच.

रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधीच घड्याळजी वेदीशेजारच्या कपाटात शिरले. त्यात गायकांचे झगे टांगलेले होते. साडूला दारावर पहारा दिला होता. शेवटून दुसरं गीत सुरू झालं आणि थोड्या वेळाने, अगदी डोक्यावर असावा तसा, तो आवाज आला. मागच्या बाकांनी पुन्हा माती खाल्ली. कपाटाच्या फटीतून घड्याळजींना बाई दिसत होत्या. त्यांनी बोट वर धरलं होतं, पण बोटाकडे कुणी पाहत नव्हतं. दुसऱ्या कडव्याच्या मधेच त्या थांबल्या. पुस्तक ऑर्गनवर ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि बाजूच्या दाराने निघून गेल्या.

मंडळी कशीबशी गात राहिली. आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणून घड्याळजींनी कपाटाचं दार धाडकन उघडलं, "पकडला!" म्हणून झेप घेतली, पोपटाच्या शेंगदाण्यांवरून त्यांचा पाय सटकला आणि डोक्यावर एक अख्खा झगा पांघरलेल्या अवस्थेत त्यांनी समोरच्या माणसाला कडकडून मिठी मारली.

"घड्याळजी," झग्याबाहेरून पाळकसाहेबांचा आवाज आला, "मी आहे."

गाणं थांबलं, ऑर्गन थांबला. आणि तो आवाज एकटाच, निवांतपणे, मागचं कडवं गात राहिला. सगळी मंडळी वर बघत होती. अर्ध्या ओळीत तो अचानक तुटला, आणि पाठोपाठ एक झाकण जमिनीवर पडून गरगरत गेल्याचा आवाज आला.

"झाकण!" साडू म्हणाला. "दादा, हा तर आपल्या स्वयंपाकघरातला आवाज!"

सगळे मागे धावले. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं. चहाचं मोठं पातेलं उकळत होतं, वरची, वेदीमागे उघडणारी जाळीची झडप सताड उघडी होती, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर, दोन्ही कानांत वायरी घातलेली, हातात डाव घेऊन घड्याळजींची बायको उभी होती. दारात बाई होत्या. रडून त्यांचा घसा सुकला होता म्हणून त्या पाणी प्यायला आल्या होत्या. इतक्या वर्षांत गीत चालू असताना त्यांनी पुढची जागा कधी सोडली नव्हती, म्हणून अशा वेळी ते दार त्यांनी कधी उघडलंच नव्हतं.

"बाई, तुम्ही इथे कशा?" बायको कानातली वायर ओढत म्हणाली. भल्यामोठ्या आवाजात म्हणाली, कारण दुसऱ्या कानातली अजून तशीच होती. "तुम्ही तर तिकडे गाताय!"

तिने फोनकडे बोट दाखवलं. खरंच, फोनमध्ये बाई बोट वर करून उभ्या होत्या. बघता बघता फोनमधल्या बाईंनी पुस्तक ऑर्गनवर ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि त्या दाराबाहेर गेल्या.

"अर्धं मिनिट उशिरा दिसतं ते," पाळकसाहेबांची मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली. "इकडे झालं की तिकडे लगेच नाही पोचत. आणि काकूंच्या कानात वायरी, त्यांना बाहेरचं काही ऐकूच येत नाही! म्हणून त्या मागच्या कडव्यात."

घड्याळजींनी तोंड उघडलं. घड्याळ मागे पडलंय हे ओळखण्यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून ते पुढे झाले, तेवढ्यात फोनमध्ये कपाटाचं दार धाडकन उघडलं, एक झगा उडाला आणि घड्याळजींनी पाळकसाहेबांना मिठी मारली. आपली फजिती बसल्या जागी पुन्हा बघण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. मंडळींनी ती मन लावून पाहिली.

बायकोला मात्र हसू येत नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तो आवाज माझा? आणि त्या दिवशीचं आमेन? अहो बाई, मी ते आजाऱ्यांच्या प्रार्थनेला म्हटलं होतं! देवाशपथ. तुमच्या जाण्याला मी कशी आमेन म्हणेन? इतकी वर्षं मी इथे नुसती पाणी उकळत उभी राहायची, आत काय चाललंय ते या खदखदीत कळायचं नाही. पोरीने फोनवर दाखवायला घेतलं तेव्हा कुठे मला तुमच्याबरोबर गायला मिळालं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्या हसल्या. "आणि मला वाटलं, कुणीतरी माझी टर उडवतंय." त्यांनी तिच्या हातातला डाव काढून घेतला. "अगं, पण तू खालचा सूर धरतेस. माझ्या चालीला लागून, खालून. तो कुणी शिकवला तुला?"

"कुणी नाही. घरी भांडी घासताना गाते तशीच."

"घरी?" घड्याळजी म्हणाले. "घरी कधी?"

"रोज."

"मग मला कधी ऐकू नाही आलं ते!"

"येतं की. सकाळी दुकानात निघताना तुम्ही म्हणता, रेडिओ जरा बारीक कर."

"मग?"

"मग मी बारीक करते."

साडूने घसा खाकरला. "पण ताई, तुमच्याकडे रेडिओ आहे कुठे?"

"बिघडून ह्यांच्याच दुकानात पडलाय," ती म्हणाली. "लेकीच्या लग्नाआधीपासून."

ती हे रागाने म्हणाली असती तर घड्याळजींनी काही ना काही उत्तर दिलं असतं. पण ती अगदी साधं सांगत होती, घरात साखर कुठे ठेवलीय ते सांगावं तसं. अख्ख्या गावाला भिंग लावून जो आवाज शोधला, तो रोज सकाळी आपल्या पाठीमागे होता, आणि आपण तो बारीक करायला लावत होतो. घड्याळजींना फार लाज वाटली. भिंगामुळे नव्हे, पण त्यांना समोरचं नीट दिसेना.

"बाई," ते म्हणाले, "काल मी जे बोललो… तुमचा ताल ठीक आहे. माझंच चुकलं."

"ते मला आत्ताच कळलं," बाई म्हणाल्या. "शेवटचं गीत राहिलंय, घड्याळजी. मी हिला पुढे घेऊन जाते. आणि मागच्या बाकाचं मी काही बोलले होते, ते विसरा."

"अहो पण चहा?" बायको घाबरून म्हणाली.

"चहा घड्याळजी बघतील."

मंडळी परत आत गेली. घड्याळजी एकटेच पातेल्यासमोर उरले. वर जाळीतून ऑर्गनचा सूर आला, मग मंडळींचा आवाज, आणि त्यात बाईंच्या स्वच्छ चढ्या आवाजाला खालून धरून असलेला तो दुसरा आवाज, त्यांच्या शब्दाला शब्द मिळवून. घड्याळजींनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं. उकळी फार खदखदत होती. त्यांनी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून झडपेच्या बरोबर खाली बसले.

कप न्यायला साडू आला तेव्हा पातेल्यातलं पाणी निवायला लागलं होतं.

"दादा, चहा?"

"होईल रे," घड्याळजी हळूच म्हणाले. "गीत संपू दे."